मराठ्यांची गुराब लाकडात उभी करायची आहे : नकाशा नाही, किट नाही

वाघोटणकर

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करणारी मंडळी इथे किती आहेत कल्पना नाही. रेल्वेची मॉडेलं, प्लॅस्टिकची विमानं यांवर बरंच लिहून आलंय, जहाजांवर शोधलं तर काही सापडलं नाही. म्हणून धागा.

किटमधली जहाजं करून हात बसला आहे. आर्टेसानिया लॅटिना, ऑक्रे, अमाती ही नावं या छंदातल्यांना पाठ असतात. खोकं उघडलं की लेझरने कापलेला प्लायचा सांगाडा, फिक्या लाकडाच्या पट्ट्या, वरून लावायच्या अक्रोडाच्या पातळ पट्ट्या, पितळी तोफा, दोऱ्याची रिळं, सगळं हजर. त्यातून नेल्सनची व्हिक्टरी होते, स्पॅनिश गॅलियन होतं. आपल्या किनाऱ्यावरची जुनी जहाजं होत नाहीत: गुराब नाही, गलबत नाही, शिबाड तर नाहीच नाही. आता आंग्र्यांच्या आरमारातली दोन डोलकाठ्यांची गुराब शून्यातून करायची आहे.

अडचण उघड आहे. त्या काळच्या मराठी लढाऊ जहाजाचा बांधणीचा नकाशा माझ्या पाहण्यात नाही. १७५६च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले तेव्हा आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. आपल्या हाती वर्णनं तेवढी आहेत. त्यात सगळ्यांत कामाचं रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचं, अठराव्या शतकातलंच. त्याचा मथितार्थ असा: दोन डोलकाठ्यांच्या गुराबा १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांच्या ३०० टनांच्या आसपास. पाण्यात फार खोल बसत नाहीत. लांबीच्या मानाने चांगल्याच रुंद, पण मध्यापासून टोकाकडे निमुळत्या होत जातात. पुढचा भाग युरोपियन जहाजासारखा फुगीर नाही, भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी (वल्ह्यांच्या जहाजासारखी) लांब नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, बाहेर आलेली. त्या नाळेवर भक्कम डेक, मुख्य डेकच्याच पातळीत, पण दोन्हींच्या मध्ये आडवी लाकडी भिंत. नाळेच्या डेकला कठडे नाहीत, मुद्दाम उघडा ठेवलेला, म्हणजे समोरची लाट वर आली की पाणी अडून न राहता निघून जातं. आणि त्या आडव्या भिंतीतल्या झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या) दोन तोफा नाळेवरून थेट पुढे मारा करतात. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

एवढ्या सामग्रीवर जहाज उभं राहील का? प्रमाण काय घ्यावं, लाकूड कुठलं, पद्धत कुठली, सगळ्यावर मतं हवीत. कौतुक नंतर करा, आधी चुका काढा.

रंधा_पटाशी

पहिला प्रश्न: पद्धत. तुम्ही किटं केली आहेत म्हणजे उभा कणा आणि त्यावर आडवे प्लायचे पडदे, त्यावर पट्ट्या, हे तुम्हाला येतं. गुराबेलाही तेच करा. खऱ्या जहाजासारखे सगळे वाक, म्हणजे बरगड्यांसारखी बाकदार लाकडं, एकेक करून उभे करायच्या फंदात पडू नका. तो प्रकार नकाशा असलेल्या जहाजाला शोभतो. ज्या जहाजाचे वाक कसे होते हेच कोणाला ठाऊक नाही त्याचे वाक दाखवणार कसे?

पडदे ४ मिमी प्लायमधून. हाताने जिगसॉवर कापायची हौस असेल तर कापा, नाहीतर नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे लेझर मशीन असतं. त्यांना कोरलड्रॉची फाइल दिली की तासाभरात काम होतं. फक्त लेझरने जळलेली काळी कड पॉलिश पेपरने घासून काढा, त्या काजळीवर फेविकॉल नीट धरत नाही.

पडद्यांच्या कडा तिरप्या घासणं हे काम लोक टाळतात आणि मग पट्ट्या बसत नाहीत म्हणून रडतात. एक पट्टी घ्या, तीनचार पडद्यांवर आडवी टेकवा. प्रत्येक पडद्यावर ती पूर्ण जाडीभर टेकली पाहिजे. नुसत्या धारेवर टेकत असेल तर कानस चालवा. नाळेकडे आणि पिछाडीला हा तिरपेपणा फार असतो, मध्यावर जवळजवळ नसतोच. यात घाई केली तर पुढचं सगळं फुकट.

दुसरं, न विचारता सांगतो. गुराब सोडा आणि ट्रिंकोमाली करा.

वाघोटणकर

रंधाकाका, ट्रिंकोमालीचा मोह मलाही झाला होता. पण त्या जहाजाबद्दल इथे सगळ्यांना माहीत नसेल, जरा सविस्तर लिहा ना.

रंधा_पटाशी

लिहितो. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट (लढाऊ जहाज), मलबारी सागवानाची. १२ ऑक्टोबर १८१७ला पाण्यात उतरली. इंग्लंडात ओकचा तुटवडा होता म्हणून हे काम मुंबईला आलं. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या जावा नावाच्या जहाजातून निघाले ते जहाज १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यावर अमेरिकन कॉन्स्टिट्यूशनशी लढताना गेलं, नकाशेही गेले. पुन्हा नकला काढून पाठवाव्या लागल्या. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला आहे आणि पाण्यावर तरंगतेय. तिच्या बरोबरीची ओकची किती जहाजं उरली ते तुम्हीच शोधा.

आता आपल्या कामाचं. ती लेडा वर्गातली. या वर्गाची रेखाटनं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत, प्रती विकत मिळतात. तोफांच्या डेकची लांबी १५० फूट साडेचार इंच, रुंदी ३९ फूट ११ इंच. १:६४ प्रमाणात सांगाडा साधारण ७२ सेंटिमीटर होतो, रुंदी १९. पुढची तिरपी काठी आणि डोलकाठ्या धरून मीटरभर जागा लागेल, म्हणजे टीव्हीच्या कपाटावर मावते. मुंबईत बनलेलं जहाज, पक्का नकाशा, आणि शंका आली तर मूळ जहाज जाऊन बघता येतं. हे सोडून ज्याचा ठाव नाही त्याच्या मागे का लागायचं?

जुनीपाने

रंधा_पटाशींशी सहमत, पण माझं कारण वेगळं. आपल्याकडे संग्रहालयांत, किल्ल्यांवरच्या दालनांत, शासकीय कार्यालयांच्या दर्शनी भागात 'मराठा आरमाराचे जहाज' म्हणून ज्या प्रतिकृती ठेवलेल्या असतात त्यांतल्या निम्म्या एखाद्या युरोपियन जहाजावर भगवा लावलेल्या असतात. पिछाडीला कोरीव सज्जे, तीन थरांच्या तोफा, बाकदार फुगीर पुढा. ऑर्मचं वर्णन वाचलं तर यातलं काहीच जुळत नाही. वाघोटणकर चांगल्या हेतूने करतील, पण एकदा काचेच्या पेटीत ठेवलं की पाहणारा ते खरं मानतो. त्याचा फोटो फिरतो, मग तो फोटोच पुरावा होतो.

शिल्पं-चित्रं म्हणाल तर बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई आहे, पण ती शिलाहार-यादव काळातली, गुराबेच्या चारपाचशे वर्षं आधीची. तिथून आकार उचलू नका. विजयदुर्गाच्या लढाईची इंग्रजी चित्रं आहेत. त्यांत इंग्रज जहाजं दोरीदोरीसकट काढलेली आणि आंग्र्यांची धुरात.

चहाबाज

धुरात म्हणजे सोपं काम. कापूस पिंजून लावायचा, खाली जहाज असलं काय नसलं काय.

वाघोटणकर

जुनीपाने, तुमचा मुद्दा मान्य, पण निष्कर्ष नाही. ट्रिंकोमाली मी केली तर एका माहीत असलेल्या जहाजाची अजून एक प्रत होईल. हात सुधारेल, बैठकीत शोभा येईल, नवीन काही कळणार नाही. गुराबेचं उलट आहे. कागदावर 'नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा' हे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. लाकडात करायला घेतलं की ते वाक्य अडवतं. भिंत किती रुंद? दोन तोफा शेजारी शेजारी ठेवून माणसं उभी राहतील एवढी रुंद हवी. पण जहाज तर पुढे निमुळतं होतंय. मग ती भिंत नाळेच्या किती मागे आली? तोफ उडाली की मागे सरकते, तिला मागे जागा किती? पुढची डोलकाठी त्या जागेत येते की मागे? नाळेचा डेक झरोक्याच्या किती खाली हवा, म्हणजे तोंडाच्या जाळाने तो भाजणार नाही? वर्णन लिहिणाऱ्याला यांतलं एकही उत्तर द्यावं लागलं नाही. मला द्यावं लागेल, आणि चार उत्तरं एकमेकांत बसली नाहीत तर वर्णन कुठे तोकडं आहे ते तरी कळेल.

पेटीवर 'ऑर्मच्या वर्णनावरून तर्काने' अशी पाटी लावीन. तेवढी अक्कल आहे.

आकडेमोड

मला लाकूडकाम येत नाही, पण १५० टनांवरून माप काढता येतं. त्या काळच्या इंग्रजी हिशेबात टन असे काढत: लांबीतून रुंदीचा तीन पंचमांश वजा करायचा, त्याला रुंदीने गुणायचं, पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणायचं, ९४ने भागायचं. खोली मोजतच नाहीत, ती अर्ध्या रुंदीएवढी धरलेली असते.

उलटं सोडवलं तर रुंदी २२ फूट धरल्यास लांबी साडेएकाहत्तर फूट येते. रुंदी २४ धरली तर ६३ फुटांच्या थोडी वर. पहिल्यात लांबी रुंदीच्या सव्वातीनपट, दुसऱ्यात अडीचपटीच्या जरा वर. वर दिलेल्या मापांनी ट्रिंकोमालीची लांबी रुंदीच्या पावणेचारपट आहे. 'लांबीच्या मानाने रुंद' हे दोन्हींना लागू पडतं, पण ६३ बाय २४ हे जहाज भोपळ्यासारखं दिसेल आणि वल्हेकऱ्यांच्या गलबतांबरोबर ते पळेल असं वाटत नाही. मी २२च्या बाजूला झुकेन.

१:४८ला साडेएकाहत्तर फुटांचे ४५ सेंटिमीटर, रुंदी १४. पाव इंचाला एक फूट असं हे प्रमाण असल्याने इंची पट्टीवर थेट मोजता येतं.

एक धोका: गुराब उथळ बसायची म्हणतात, म्हणजे खोली अर्ध्या रुंदीपेक्षा कमी असणार, आणि सूत्राला ते कळत नाही. ऑर्मने टन मोजले होते की ऐकीव लिहिले हेही वेगळंच.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथल्या जहाजवाल्यांच्या गटात सगळे सत्तरीचे, मी त्यांच्यात 'तरुण'. ग्रिनिचच्या आरमारी प्रतिकृती पाहिल्या असतील तर आठवेल, १:४८ हे प्रमाण तिथूनच रूढ झालं. सतराव्या-अठराव्या शतकात ब्रिटिश आरमारासाठी जहाजांच्या प्रतिकृती करत, त्यांतल्या बऱ्याच जणींचा तळ बिनफळ्यांचा, आतले वाक उघडे दिसतील असा. म्हणजे नकाशा आणि प्रतिकृती दोन्ही एकाच वेळी जन्मलेली. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडात अडकलेल्या फ्रेंच कैद्यांनी तर जेवणातल्या हाडांपासून जहाजं केली आणि विकली. ती नकाशावरून नाहीत, आठवणीवरून. आज लोक लाखो मोजून घेतात आणि ती चुकीच्या प्रमाणाची आहेत म्हणून कोणी फेकून देत नाही. जुनीपाने यांना हे आवडणार नाही हे ठाऊक आहे.

वाचणाऱ्यांत कोणी अगदी नवीन असेल तर गुराब, ट्रिंकोमाली, व्हिक्टरी यांतलं काहीही हातात घेऊ नका. तीन डोलकाठ्यांचं जहाज घेऊन बसलेले लोक दोरकामापर्यंत पोचत नाहीत, खोकं माळ्यावर जातं. मॉडेल शिपवेज या कंपनीची नवशिक्यांसाठी तीन छोटी किटं आहेत: एक डोरी ही मासेमारीची होडी, एक नॉर्वेजियन प्रॅम होडी, एक लॉबस्टर पकडणारी होडी. एकातून दुसरी येईल अशा क्रमाने आखली आहेत. पट्टी वाकवणं, काठाला काठ बसवणं, शीड बांधणं, सगळं त्यांत येतं. भारतात मागवताना पार्सलवर कस्टम आणि टपालखर्च मिळून किटच्या किमतीएवढा भुर्दंड बसू शकतो, तो आधीच धरून चला.

रेवंडेकर

डोरी कित्याक? होडी बघूची आसात तर मालवणाक येवा.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्याकडची उलांडीची होडी करून बघा. खाली कोरलेला ओंडका किंवा फळ्यांचं अरुंद अंग, बाजूला दोन आडव्या काठ्या, त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारी उलांडी. रापणीच्या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, खिळा नाही. छोट्या प्रमाणात हे सगळं घरच्या सामानात होतं. उलांडीला पांगारा घ्या, हलका असतो आणि ब्लेडने कापता येतो. शिवायला काळा-तपकिरी दोरा. नवशिक्याला कस्टमही नको आणि सूचनापुस्तिकाही नको, किनाऱ्यावर होडी उभी आहे, टेप घेऊन मापं काढा. मालकाला विचारून हां.

खलाशीबुवा

शिवलेल्या जहाजाचा विषय निघालाच आहे म्हणून. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यातल्या चित्रावरून भारतीय नौदलाने शिवलेलं जहाज बांधलं, कौंडिण्य. गोव्यात बांधलं, मे २०२५ला कारवारला नौदलात दाखल झालं. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, फटींत नारळाचा तंतू आणि राळ. त्याचाही जुना नकाशा नव्हता. एका चित्रावरून सांगाडा ठरवला, मग आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाबरोबर पाण्यात प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या, मग जहाज. तेव्हा वाघोटणकरांच्या विचाराला दाखला आहे.

नाळेबद्दल. ज्या जहाजाचा पुढा अरुंद असतो त्याला तरंगायला पुढे पोट नसतं. समोरून लाट आली की तो वर उचलला जाण्याआधी घुसतो. ऑर्म म्हणतो की या बांधणीमुळे गुराब समोरच्या समुद्रात जोरात डुचमळायची, आणि म्हणूनच नाळेचा डेक उघडा. यातून तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर निघतं. नाळेवर पाणी येणार हे धरूनच ती भिंत घातलेली आहे. म्हणजे भिंत पाणी रोखणारी पाहिजे, झरोक्यांना झडपा पाहिजेत, आणि तो मारा शांत पाण्यात किंवा वारा पाठीवर असताना करायचा. उधाणलेल्या समुद्रात झडपा उघडल्या तर तोफखान्यात पाणीच पाणी. किनाऱ्याला धरून, खाडीच्या तोंडाशी दबा धरून बसणाऱ्याला हे चालतं. खोल समुद्रात नाही. झडपा दाखवायला विसरू नका, वरून बिजागरी.

जुनीपाने

झडपांचा मुद्दा पटला. ऑर्ममध्ये तो नाही, पण त्याच्या वाक्यातून निघतो. असे तर्क पाटीवर वेगळे लिहिले तर माझी हरकत अर्धी कमी.

वाघोटणकर

खलाशीबुवा, मोठं काम केलंत. आता लाकूड. माझ्याकडे जुन्या वाड्याचं सागवान पडून आहे, वाटलं तेच वापरावं. खरी गुराबही सागवानाचीच असणार.

रंधा_पटाशी

सागवान नको. भावना समजते, पण प्रमाणात बसत नाही. सागाच्या वाढीच्या वलयात मोठ्या नळ्या असतात, ताजी रंधलेली फळी तिरप्या उजेडात धरलीत तर नुसत्या डोळ्यांना लांब बारीक चिरा दिसतात. अशी चीर पाव मिलिमीटर रुंद धरा. १:४८ला ती खऱ्या जहाजावर १२ मिलिमीटरची झाली. म्हणजे तुमच्या गुराबेच्या प्रत्येक फळीला बोट जाईल अशा भेगा. लांबून 'वा सागवान' आणि जवळून ओंडका. परदेशी लोक पेअर आणि बॉक्सवुड ही लाकडं का घेतात, तर त्यांचा पोत इतका बारीक असतो की प्रमाण बिघडत नाही.

आपल्याकडे हळदू बघा, कोकणात हेद म्हणतात. पिवळसर, एकसारखं, पोत जवळजवळ दिसत नाही. पूर्वी गिरण्यांच्या बॉबिनी याच्या होत, यावरून समजा. पट्ट्या सुंदर निघतात, कडा टोकदार राहतात. नाळेच्या टोकाचं कोरीवकाम असेल तर शिवण नावाचं लाकूड, कापायला मऊ आणि फाटत नाही. पुण्यात असाल तर भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात विचारा. एकसंध मोठी फळी मागू नका, तुकडे मागा. वखारवाले तुकड्यांचा ढीग दाखवतात, त्यातून वेचा. वाड्याचं सागवान स्टँडला वापरा, तिथे ते शोभेल.

पट्ट्या स्वतः कापणार असाल तर छोट्या टेबल सॉला बारीक दातांचं पातं आणि पातं जाईल एवढीच फट ठेवणारी वरची फळी हवीच. पातं जाड असलं तर लाकडाचा निम्मा भुसा होतो. आणि बोटांनी पट्टी ढकलू नका, ढकलकाठी करा. मी टूलरूममध्ये नोकरी केली, लोकांची बोटं पाहिली आहेत.

वाघोटणकर

ठीक, सागवान स्टँडला. फळ्या लावायचा क्रम मला माहीत आहे, तरी लिहा, बाकीच्यांना उपयोगी पडेल. गुराबेची नाळ लांब आणि बाकदार असल्याने तिथे पट्ट्या काय करतील याची मला धास्ती आहे.

रंधा_पटाशी

सुरुवात डेकच्या रेषेखालच्या पट्टीने, मग कण्याला लागून असलेली सगळ्यांत खालची, मग दोन्हींकडून मधे या. एक पट्टी डाव्या बाजूला की लगेच तशीच उजव्या बाजूला. एका बाजूच्या चारपाच लावून दुसरीकडे वळलात तर कणा केळ्यासारखा वाकतो आणि मग तो सरळ होत नाही.

मुख्य गोष्ट: पट्टी जशीच्या तशी लावायची नाही. मधल्या पडद्याचा घेर कागदी पट्टीने मोजा, पट्ट्यांच्या संख्येने भागा. समजा मध्यावर एकेका पट्टीला ५ मिमी मिळते. तेच पुढच्या पडद्यावर मोजा, तिथे घेर कमी, एकेकीला ३ मिमी मिळेल. म्हणजे प्रत्येक पट्टी पुढे निमुळती घासायची. निम्म्यापेक्षा अरुंद करावी लागत असेल तर थांबा, दोन पट्ट्यांच्या जागी एकच पुढे न्या. टोकाला सुईसारखी झालेली पट्टी खऱ्या जहाजावर कोणी लावत नाही, तिथे खिळा कुठे मारणार? पिछाडीला उलटा प्रकार, घेर वाढतो आणि फटी पडतात, तिथे मधे पाचरीसारख्या जादा पट्ट्या घाला.

वाकवणं दोन प्रकारचं. जाडीतून वाकवणं सोपं: गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, हेअर ड्रायरसमोर धरून हळूहळू बाक द्या, साच्याला क्लिपांनी धरून सुकू द्या. रुंदीतून वाकवणं अवघड, आणि लांब नाळेला तेच लागतं. त्याला पट्टी टेबलावर आडवी ठेवून बाकाच्या रेषेत क्लॅम्प करायची, हव्या बाकापेक्षा थोडा जास्त बाक द्यायचा आणि वरून इस्त्री किंवा ड्रायरची उष्णता. गार झाली की बाक टिकतो. पट्टी आपोआप बसली पाहिजे, दाबून धरावी लागली तर ती उद्या सुटणार.

दूरदेशी

भर घालते. फळ्यांच्या लाकडी खुंट्या दाखवायच्या असतील तर बांबू. उदबत्तीच्या काड्या किंवा टूथपिक तासून, सोनार तार ओढायला वापरतात त्या भोकांच्या पोलादी पट्टीतून एकेका लहान भोकातून ओढायच्या. अर्ध्या मिलिमीटरची बांबूची तार निघते. मी पुण्याला आले होते तेव्हा सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानातून ती पट्टी घेतली, इथल्या हॉबीच्या दुकानात तीच वस्तू कितीतरी महाग. दुकानदाराने विचारलं, 'काय घडवता?' 'जहाज' म्हटल्यावर त्याने पैसे सुटे करताना पुन्हा एकदा वर पाहिलं.

दोरकामाला मेण लावलेला सुती किंवा लिननचा दोरा. चमकणारा नायलॉन नको, तो जहाजावर मासेमारीच्या गळासारखा दिसतो. डोलकाठीला बाजूने धरणारे जाड दोर गडद, शिडं ओढायचे दोर फिक्या रंगाचे. शिडाला जुनी मलमल, कोऱ्या चहात बुडवून.

चहाबाज

अखेर माझा विषय. मसाला न घालता हे लिहायला विसरलात, शिडाला वेलदोड्याचा वास येईल.

आकडेमोड

तोफांच्या भिंतीचा हिशेब करून पाहिला. नऊ पौंडी तोफ सातआठ फूट लांब, गाड्याची रुंदी साडेतीन-चार फूट. दोन गाडे, मधे पुढच्या तिरप्या काठीच्या बुडासाठी जागा, दोन्ही बाजूंना माणूस सरकेल एवढं अंतर. १२ फुटांपेक्षा अरुंद भिंत चालणार नाही. मध्यावर २२ फूट रुंद असलेलं जहाज निमुळतं होत जिथे १२ फूट होतं, तिथे भिंत. निमुळतेपणा सरळ रेषेत धरला, म्हणजे पुढच्या टोकाला शून्य, आणि मध्य ते टोक ३६ फूट, तर भिंत टोकापासून साडेएकोणीस-वीस फुटांवर येते. म्हणजे नुसती नाळच जहाजाच्या पाव लांबीपेक्षा जास्त. बाजू बाहेर फुगवल्या तर भिंत पुढे सरकेल.

प्रश्न असा की साडेएकाहत्तर फुटांत नाळ धरायची की नाही? टन मोजणारे लांबी कुठून कुठे मोजत त्यावर हे अवलंबून. नाळ बाहेर काढली तर जहाज एकूण नव्वद फुटांपर्यंत जाईल.

खलाशीबुवा

वीस फूट उघडी नाळ, तीही अरुंद, समोरच्या लाटेत? डुचमळणार नाही तर काय. ऑर्मचं म्हणणं तुमच्या आकड्याशी जुळतंय. पण नव्वद फूट मला पटत नाही, विजयदुर्गाजवळच्या वाघोटणच्या खाडीत आणि गिर्येजवळच्या खडकात कोरलेल्या गोदीत ही जहाजं आतबाहेर करत. लांब नाळ वळवायला त्रास. नाळ धरून साडेएकाहत्तर.

जुनीपाने

गोदीत मोठी जहाजंही मावत असतील, त्यावरून लांबी ठरवू नका. पण नाळ धरून मोजणं मलाही बरं वाटतं, कारण तसं नसेल तर 'लांबीच्या मानाने रुंद' हे विशेषण लंगडं पडतं. नव्वदाला बावीस म्हणजे चारपटीच्या वर, ती ट्रिंकोमालीपेक्षाही सडपातळ झाली.

वाघोटणकर

हेच तर हवं होतं. नाळ धरून साडेएकाहत्तर, रुंदी २२, भिंत टोकापासून १८ ते २० फुटांत. भिंतीचं नक्की ठिकाण आता कागदावर ठरणार नाही. पूर्ण जहाजाला हात लावण्याआधी फक्त पुढचा तिसरा हिस्सा पुठ्ठ्यात करतो, दोन तोफा मातीच्या, गाड्यांसकट, आणि मागे सरकवून बघतो. डोलकाठी अडते का तेही कळेल.

पुण्यात लेझरवाला कोणी सुचवेल का, जो एकदोन नगांचं काम घेतो? बहुतेक जण शंभर ट्रॉफ्यांशिवाय बोलत नाहीत.

रंधा_पटाशी

लेझरवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. पुठ्ठ्याचा नमुना १:४८ला करू नका. पुढचा तिसरा हिस्सा तिथे जेमतेम १५ सेंटिमीटर होतो, तोफेमागे बोट जात नाही, आणि पुठ्ठ्याची जाडीच अर्ध्या फुटाची होऊन बसते. १:२४ला करा, बूट-साड्यांच्या खोक्याचा करकरीत पुठ्ठा घ्या, नालीदार नको. पडदे ७ सेंटिमीटरवर एक. भिंत चिकटवू नका, खाचेत सरकती ठेवा, म्हणजे १८ फूट की २० फूट ते तिथल्या तिथे सरकवून बघता येईल.